दावं सोडण्यामागचा हिशेब

दर दहा दिवसांनी दूध उत्पादकाच्या हातात एक बिल पडतं. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरणारे घन घटक), त्यावरून लागलेला दर आणि खाली कपाती: पशुखाद्याची पोती, घेतलेली उचल, कुठे औषधाचे पैसे. यातला दर ठरवताना त्याला कुणी विचारलेलं नसतं. कपातींचा भाग मात्र बराचसा त्याच्याच गोठ्यात ठरतो. गाय मोकळी सोडणं, शेणापासून गॅस आणि स्लरी करणं, प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्याआधी साधा उपचार करून पाहणं, पावसाच्या पाण्यावर चारा पिकवून तो मुरवून ठेवणं, युरियाची पोती कमी करणं या गोष्टी दुधाच्या धंद्यात पर्यावरणपूरक म्हणून ओळखल्या जातात. शेतकरी त्या का स्वीकारतो, हे शोधायचं तर बिलाच्या त्या खालच्या भागापासून सुरुवात करावी लागते. सरकारी पत्रकं आणि परिसंवाद ‘जनजागृती’पासून सुरुवात करतात, म्हणून ते सहसा वाट चुकतात. दर आपल्या हाती नाही हे पुरतं कळलं की माणूस हाती असलेल्या खर्चाकडे वळतो, आणि दुधाच्या धंद्यात खर्च कमी करण्याचे जे टिकाऊ मार्ग आहेत ते योगायोगाने निसर्गाच्याही सोयीचे आहेत, असं माझं म्हणणं आहे. ‘योगायोगाने’ हा शब्द पुरता खरा नाही. त्याचा समाचार पुढे घेऊ.

दर किती बेभरवशाचा, हे महाराष्ट्रातल्या गेल्या काही वर्षांवरून दिसतं. जुलै 2018 मध्ये दूधबंद आंदोलन झालं, टँकर अडवले गेले, दूध रस्त्यावर ओतलं गेलं आणि गाईच्या दुधाला लिटरमागे 25 रुपये मिळतील अशी तजवीज सरकारला करावी लागली. 2020 च्या टाळेबंदीत हॉटेलं, मिठाईची दुकानं आणि चहाच्या टपऱ्या बंद पडल्या, तसा दर 20 रुपयांच्या आसपास घसरला. 2023 मध्ये 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ असलेल्या दुधाला 34 रुपये दर जाहीर झाला. वर्ष सरता सरता प्रत्यक्षात हातात पडत होते सत्तावीसच्या घरात, आणि जानेवारी 2024 पासून लिटरला 5 रुपये अनुदान सुरू करावं लागलं. तेही गाईच्या कानात बिल्ला असेल आणि त्याची संगणकावर नोंद असेल तरच. या चढउतारांमागे शेतकऱ्याची चूक शोधून सापडत नाही. जादा दुधाची भुकटी आणि लोणी होतं, भुकटीचा भाव जगाच्या बाजारात हलतो, आणि तिकडे भुकटी स्वस्त झाली की त्याचा धक्का संगमनेरच्या गोठ्यापर्यंत पोचतो. दुसऱ्या बाजूला दुधाच्या उत्पादन खर्चातला 60 ते 70 टक्के हिस्सा एकट्या चाऱ्या-खाद्याचा. त्यात झाशीच्या भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची तूट 11 टक्क्यांच्या वर, सुक्या चाऱ्याची 23 टक्क्यांच्या वर आणि खुराकाची जवळपास 29 टक्के. म्हणजे विकत घ्यायची वस्तू टंचाईची आणि विकायची वस्तू नाशवंत. अशा जागी उभ्या असलेल्या माणसाला कमी विकत घ्यायचं कसं, एवढाच प्रश्न खरा वाटतो.

हा विकत घेण्याचा संसार आला कुठून, हेही पाहायला हवं. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचनला बाएफ संस्था उभी केली, 1970 पासून दूध महापूर योजना सुरू झाली, आणि संकरित गाय महाराष्ट्राच्या कोरडवाहू गावांतही दिसू लागली. तिने अनेक घरांत रोजचा पैसा आणला हे नाकारण्याचं कारण नाही; ज्या घरात पीक एकदा यायचं त्या घरात दर दहा दिवसांनी बिल यायला लागलं. पण ती गाय एकटी आली नाही. तिच्यामागून गोळी पेंड आली, सिमेंटचा कोबा आला, छपरावर पत्रा आला, डॉक्टर आला, औषधाची पेटी आली. तिच्यात रक्त होल्स्टिन या थंड हवेच्या जातीचं, आणि तिला आपण मे महिन्यात पत्र्याखाली दोन हात दाव्यावर बांधलं. 2019 च्या पशुगणनेत देशात विदेशी आणि संकरित गोवंश 5 कोटींच्या वर गेलेला दिसतो आणि देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी घटलेला. आज जे पर्यावरणपूरक वळण दिसतं त्याचा अर्थ ‘संकरित गाय नको’ असा लावणं ही चूक होईल. बहुतेक जण गाय तीच ठेवतात. बदलतो तो तिच्याबरोबर आलेला लवाजमा.

या वळणाचं सगळ्यात उघड रूप म्हणजे मुक्त संचार गोठा. कल्पना इतकी साधी की ती उशिरा सुचल्याचं नवल वाटावं. मोकळ्या जागेला जाळीचं किंवा पाइपचं कुंपण, एका बाजूला छपराखाली गव्हाण, मधे पाण्याची टाकी, एखाददुसरं झाड, आणि गायी दाव्याशिवाय. गायीमागे साधारण 200 चौरस फूट जागा धरली तर दहा गायींना दोन गुंठ्यांच्या आत भागतं. आता बांधलेल्या गायीचा दिवस पाहा. ती पाणी पिते ते माणसाला सवड होईल तेव्हा, दिवसातून दोनदा किंवा तीनदा. दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. एका लिटरमागे गायीला चार-पाच लिटर पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. जी गाय तहान लागेल तेव्हा टाकीपर्यंत चालत जाऊ शकते तिच्या कासेत फरक पडायला वेगळं औषध लागत नाही. कोब्यावर बसून-उठून गुडघ्याला आलेली गाठ, सतत ओल्यात राहून मऊ पडलेले खूर, माजावर आलेली पण बांधून ठेवल्यामुळे कुणाच्या लक्षात न आलेली गाय ही बांधीव गोठ्यातली रोजची दुखणी. मोकळ्या गायींत माज लपत नाही, कारण एक दुसरीवर उडते आणि ते अंगणातून दिसतं. माज चुकला की एकवीस दिवस वाया जातात, आणि भाकड दिवसांची वैरण मात्र चालूच राहते.

पण मुक्त गोठा पसरला त्यामागे गायीच्या सुखापेक्षा माणसाची पाठ जास्त आहे, असं मला वाटतं. हिशेब करून पाहा. मोठी संकरित गाय दिवसाला 20 किलोच्या आसपास शेण टाकते. पाच गायींचं शंभर किलो, वर्षाला 36 टन. बांधीव गोठ्यात हे शेण रोज दोनदा हाताने ओढायचं, पाटीत भरायचं, डोक्यावर घेऊन उकिरड्यावर टाकायचं आणि कोबा पाण्याने धुवायचा. ताज्या शेणात पाच भागांतले चार भाग पाणी. म्हणजे दहा किलोच्या पाटीत आठ किलो पाणी वाहून नेलं जातं. मुक्त गोठ्यात ते पडल्या जागी उन्हात सुकतं, गायींच्या पायांखाली चुरा होतं आणि काही महिन्यांनी ट्रॅक्टर लावून एकदम बाहेर काढलं जातं. ही पाटी बहुतेक घरांत बाईच्या डोक्यावर असते. दुधाचं खातं बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतं. कुंपणाच्या जाळीला पैसे घालायचे की नाहीत, हे ठरवणारा आणि त्या जाळीमुळे ज्याची पाठ सुटेल तो, ही दोन वेगळी माणसं आहेत. त्यामुळे एकच गोष्ट एका घरात दोन वर्षांत येते आणि शेजारच्या घरात दहा वर्षं येत नाही. शेजारच्या घरी ती येते ती बहुधा मजूर मिळेनासा झाला, मुलगा पुण्याला नोकरीला गेला किंवा सून शेण काढायला तयार झाली नाही म्हणून. पर्यावरणाच्या परिसंवादात या सुनेचा उल्लेख होत नाही. व्हायला हरकत नव्हती.

मग यात निसर्गाचा संबंध कुठे आला? कोबा धुवायला लागणारं पाणी वाचलं. शेण चिखल होऊन खड्ड्यात हवेविना कुजण्याऐवजी कोरडं पडलं, त्यातून निघणारा मिथेन घटला. ओल्या साठ्यातून मिथेन जास्त आणि कोरड्या ढिगातून कमी निघतो, हे हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या (आयपीसीसी) गणनेतही धरलेलं आहे. कोरडं खत शेतात नेणं स्वस्त पडतं, म्हणून ते नेलं जातं. आणि ओल नसली की कासेचे आजार कमी होतात, ही बाब तर स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धाएक तास उघडं राहतं. त्या वेळात गाय ओल्या शेणात बसली की जंतू आत शिरतात आणि कास दगडासारखी होते. शेतकरी या आजाराला दगडीच म्हणतात. म्हणून जाणता माणूस धार झाल्याबरोबर गव्हाणीत वैरण टाकतो, गाय खात उभी राहते. यात विकत घ्यायचं काहीच नाही.

दगडीच्या उपचारातही हाच प्रकार. तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातून आलेला आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने देशभर नेलेला एक लेप आहे: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, खायचा चुना 15 ग्रॅम, एकत्र वाटून पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा कासेला लावायचा, पाच दिवस. सुरुवातीच्या दगडीत तो कामी येतो. आजार वाढलेला असेल तर डॉक्टरला पर्याय नाही. हा लेप शेतकरी लावतो त्यामागे प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची जागतिक चिंता नसते. इंजेक्शन दिलं की औषधाचे पैसे जातात, आणि नियम पाळायचा तर त्या गायीचं दूध काही दिवस डेअरीला घालता येत नाही. या ‘नियम पाळायचा तर’मध्ये सगळी मेख आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून 6,432 नमुने तपासले; त्यांत 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त होते आणि 368 नमुन्यांत अफलाटॉक्सिन एम-1, म्हणजे बुरशी लागलेल्या चाऱ्या-पेंडीतून दुधात उतरणारं विष. बोभाटा नेहमी भेसळीचा होतो, आणि या पाहणीत आरोग्याला घातक अशी भेसळ जेमतेम डझनभर नमुन्यांत निघाली. बुरशी भेसळीच्या तीसपट होती. तरी बहुतेक संकलन केंद्रांवरची दुधाची चाचणी फॅट आणि एसएनएफपाशी थांबते. जिथे प्रतिजैविकांची पट्टी लावून दूध परत पाठवतात तिथे कोरफड लावली जाते. जिथे पट्टी लावत नाहीत तिथे कोरफड कुंपणालाच राहते. शेतकऱ्याची निष्ठा तपासण्याआधी संकलन केंद्राचा काटा तपासलेला बरा.

आता गोबरगॅस. हा शब्द काढला की जाणकार हसतात, आणि त्यांचं हसणं उगीच नाही. 1981-82 मध्ये राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव टाक्या बांधल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी पुढे गंजल्या, चिरल्या, शेवटी कचरा टाकायला उपयोगी पडल्या. पर्यावरणाची गोष्ट शेतकऱ्याच्या गळी उतरत नाही, असा याचा दाखला दिला जातो. मला तो उलटा दाखला वाटतो. मोजणी बांधलेल्या टाक्यांची होत होती, जळणाऱ्या शेगडीची नाही. लोखंडी डोम गंजायचा, तो दुरुस्त करणारा तालुक्यातही सापडायचा नाही, दोन भाकड जनावरांच्या शेणावर गॅस पुरायचा नाही. शेतकऱ्याने ती वस्तू वापरून पाहिली, हिशेब चुकला, टाकून दिली. यात अज्ञान कुठे आहे? आज तीच वस्तू पुन्हा उभी राहते आहे, कारण हिशेब बदलला. गोठ्यात तीन-चार संकरित गायी आहेत, म्हणजे रोज निदान पन्नास किलो शेण घरचं. तेवढ्यात दोन घनमीटरची टाकी चालते. एक घनमीटर गॅस जवळपास 430 ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतका जळतो. म्हणजे 14.2 किलोचा सिलिंडर सोळा-सतरा दिवसांत भरून निघतो, निदान कागदावर. थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा दोन दिवस इकडेतिकडे धरावे. शिवाय मागून निघणारी स्लरी. शेण उकिरड्यावर उघडं पडलं की त्यातला नत्र हवेत उडतो आणि पावसात वाहून जातो. बंद टाकीतून आलेल्या स्लरीत तो बराचसा शिल्लक राहतो, तोही पिकाला लगेच घेता येईल अशा रूपात. ज्या पट्ट्यात ऊस आणि दूध एकत्र नांदतात त्या सांगली-कोल्हापुरात पाण्याच्या आणि खताच्या अतिरेकाने चोपण झालेल्या जमिनी लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तिथे स्लरीचं महत्त्व पटवायला वक्ता लागत नाही.

पहिला गंभीर आक्षेप इथे येतो. शेतकऱ्याला निव्वळ हिशेबी ठरवणं अन्यायाचं आहे. जमिनीवरची माया, जनावरावरचा जीव, पोरांना विषमुक्त दूध मिळावं ही इच्छा याही प्रेरणाच आहेत, असं कुणी म्हणेल. त्या आहेत, आणि परदेशांतले सेंद्रिय दूध उत्पादक आपल्या निर्णयामागे त्याच सांगतात. पण इच्छा होती म्हणून गोष्ट घडली की इच्छेला वाट मिळाली तेव्हा घडली, हे वेगळं तपासावं लागतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात 1988 मध्ये काही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एक सहकारी संस्था काढली. आज ती ऑरगॅनिक व्हॅली या नावाने ओळखली जाते. तो काळ तिथल्या शेतीवरच्या कर्जाच्या अरिष्टाचा होता, घराण्यांच्या जमिनी लिलावात जात होत्या. रसायनांविषयीची नाराजी त्या शेतकऱ्यांच्या मनात आधीपासून असेलही, पण सेंद्रिय दुधाला आपण ठरवलेला स्थिर दर देणारी संस्था उभी राहिली तेव्हा तिचा धंदा झाला. उलट बाजूही तिथेच दिसली. 2021 मध्ये दानोन कंपनीने आपल्या होरायझन या सेंद्रिय दुधासाठी ईशान्येकडच्या राज्यांतल्या 89 गोठ्यांशी असलेले करार संपवण्याची नोटीस दिली. लांब अंतरावरून थोडं थोडं दूध गोळा करणं परवडत नव्हतं. त्या शेतकऱ्यांची निष्ठा आदल्या दिवशी होती तेवढीच दुसऱ्या दिवशी होती. गाडी यायची थांबणार होती. पुढे त्यांतल्या अनेकांना ऑरगॅनिक व्हॅलीनेच सामावून घेतलं. जादा दर दुसऱ्याच्या हातात असतो आणि तो काढून घेता येतो. कमी केलेला खर्च आपल्याच गोठ्यात राहतो. आपल्याकडे सेंद्रिय दुधाला जादा दर देणारं गिऱ्हाईक दोन-चार शहरांच्या पलीकडे जवळपास नाहीच, म्हणून इथला बदल खर्चाच्या दाराने येतो आहे. मला तर हे दार जास्त भरवशाचं वाटतं.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेचा. खरी पर्यावरणपूरक गाय देशीच, तेव्हा संकरित गाय ठेवून नुसतं दावं सोडणं ही अर्धवट सुधारणा आहे, असं अनेक जण मनापासून मानतात. देवणी, लाल कंधारी, खिलार, डांगी, गवळाऊ या जातींचं मोल मोठं आहे. ऊन, गोचीड आणि निकृष्ट वैरण सोसण्याचा त्यांचा गुण येत्या तापत्या वर्षांत सोन्याचा ठरेल. नैसर्गिक शेतीतल्या जीवामृतासाठी देशी गाय हवी हा आग्रहही पुष्कळांनी स्वीकारला आहे. पण मिथेनचा हिशेब भावनेने चालत नाही. कोणतीही गाय रवंथ करते, आणि तिला नुसतं जगायला लागणाऱ्या चाऱ्यातूनही मिथेन निघतोच. तीन लिटर देणारीच्या प्रत्येक लिटरवर त्याचा वाटा जास्त पडतो, बारा लिटर देणारीच्या कमी. तेव्हा पर्यावरणाच्या बाजूने बोलायचं तर म्हणावं लागेल की गायी कमी असाव्यात, त्यांना समतोल खाद्य मिळावं आणि त्या जास्त वेत टिकाव्यात. कालवड पहिल्यांदा विते तोवर अडीच-तीन वर्षं ती खाते आणि मिथेन सोडते, दूध देत नाही. तीन वेतांत थकलेली गाय आणि सहा वेत दिलेली गाय यांत हा बोजा निम्म्याने बदलतो. इथेही हिशेब आणि निसर्ग एकाच बाजूला आहेत. महाराष्ट्रात गोहत्याबंदी 1976 च्या कायद्याने होतीच. 2015 मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली, आणि थकलेल्या जनावरांचा बाजार आणखी आक्रसला. आता गाय लवकर मोडीत निघाली तर तिच्या बदली हातात फारसं काही येत नाही. म्हणून ती टिकवण्याचं मोल वाढलं. कायदा करणाऱ्यांच्या मनात हा परिणाम होता का, हा प्रश्न वेगळा.

चाऱ्याच्या बाबतीत चित्र इतकं स्वच्छ नाही. मुरघासाचं उदाहरण घ्या. मका चिकात असताना कापून, बारीक कुट्टी करून, हवा काढून दाबून ठेवली की दीड महिन्यात मुरघास तयार होतो आणि वर्षभर पुरवता येतो. खरिपातल्या पावसावर पिकवलेला चारा एप्रिलमध्ये गव्हाणीत पडतो, त्यासाठी एप्रिलमध्ये बोअर चालवावी लागत नाही. अवर्षणाच्या तालुक्यात याहून मोठी पाणीबचत कुठली? शिवाय उसाच्या वाढ्यांवरची भिस्त सुटते. वाढ्यांतलं ऑक्झलेट जनावरांच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, हे आता गोठ्यागोठ्यात माहीत आहे. पण त्या मक्याला युरिया लागतोच, लष्करी अळीवर फवारणी होतेच, आणि रिकाम्या प्लास्टिक पिशव्या बांधावर फडफडत राहतात. मुक्त गोठ्यालाही मर्यादा आहेत. नगर, सोलापूर, माण-खटावच्या कोरड्या हवेत शेण सुकतं. राधानगरीच्या किंवा चंदगडच्या पावसात त्याच अंगणाचा चिखल होतो. आणि दोन गुंठे मोकळी जागा तरी किती जणांकडे आहे? गावठाणात घराला लागून गोठा असलेल्या भूमिहीन कुटुंबाची एक म्हैस दाव्यालाच राहते. शेतीविषयक नियतकालिकांतल्या यशोगाथांत ही म्हैस येत नाही, आणि मोकळ्या सोडलेल्या गायी पुन्हा बांधणारा माणूसही येत नाही. तो असतो. त्याला विचारलं तर आपल्याला अधिक शिकता येईल.

‘योगायोगाने’ या शब्दाचा समाचार घ्यायचा राहिला होता. जिथे वाया जाणारी वस्तू पैशाचीही असते आणि निसर्गाचीही, तिथे दोघांचं जमतं: उडून गेलेला नत्र, वाहून गेलेलं पाणी, न पचलेली पेंड, अकाली मोडलेली गाय. हा योगायोग नव्हे. उधळपट्टी दोन्ही वह्यांत एकाच जागी मांडलेली असते. पण गायीच्या तोंडावाटे निघणाऱ्या मिथेनमधला जो भाग पेंड सुधारूनही उरतो, त्याचा फायदा-तोटा एका शेतकऱ्याच्या वहीत कुठेच मांडलेला नाही. तिथे हिशेब थांबतो आणि शेतकरीही थांबतो. डेन्मार्कने 2030 पासून जनावरांच्या उत्सर्जनावर कर लावायचं ठरवलं आहे. भारताने 2021 मध्ये जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर सही केली नाही. दोन-चार जनावरांवर जगणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे ही भूमिका मला रास्त वाटते. कर लावायचा नसेल तर उरतो तो मोबदला देण्याचा मार्ग, आणि त्याची सुरुवात शेणापासून करणं सोपं आहे, कारण शेण मोजता येतं.

गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा आणि मुजकुवा या गावांत दुग्धविकास मंडळाने ते करून दाखवलं. घरोघर बायोगॅसच्या टाक्या बसवल्या, घरची गरज भागून उरलेली स्लरी विकत घेतली, तिच्यापासून खतं तयार करून ‘सुधन’ या नावाने बाजारात आणली. दूध जसं फॅट पाहून घेतात तशी स्लरी प्रत पाहून घेतली जाते. महाराष्ट्रातल्या दूध संघांकडे यासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी तयार आहेत: गावात रोज दोनदा जाणारी गाडी, मापाची सवय, दर दहा दिवसांनी पैसे चुकते करण्याची शिस्त. आणंदच्या त्या गावांत मात्र आणखी एक गोष्ट केली गेली. खताच्या सहकारी मंडळ्या महिलांच्या आहेत, सभासद त्याच आहेत. शेणाची पाटी जिच्या डोक्यावर होती तिच्याच नावावर तिथे शेणाचं खातं निघालं.